अप्पांनी मारलेली गाठ

मी दोर बोलतोय. कृपा करून दोरी म्हणू नका, राग येतो. दोरीवर टॉवेल वाळतात. माझ्यावर माणसं लोंबकळतात, तीही जिवंत, हसरी, घाबरलेली, देवाचं नाव घेणारी. एवढा फरक ध्यानात ठेवलात तर आपलं छान जमेल.

लांबी साठ मीटर, जाडी करंगळीएवढी, रंग लाल, मधून एक निळी रेघ. स्वभाव उतावळा. दोराने कसं शांत, सोशिक असावं असं जुने दोर सांगतात. सांगू देत. ज्याचा जन्मच ताणासाठी झालाय त्याने गुंडाळी होऊन पडून राहायचं, हे मला कधी पटलं नाही.

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात मी जन्मलो. पोटात पांढऱ्या धाग्यांचे जुडगे आणि त्यावर विणलेलं रंगीत वेष्टण, अशी माझी घडण. ते वेष्टण विणताना यंत्रावरची रिळं एकमेकांना हुलकावण्या देत गोल फिरतात, पोरी गोफ विणतात तशी. त्या यंत्रावर कस्तुराबाई होत्या, निपाणीकडच्या. मुकादम हिंदीत ओरडायचा, शेजारचे कामगार कन्नडमध्ये हसायचे आणि कस्तुराबाई दिवसभर मराठीत पुटपुटायच्या. माझी भाषा ही अशी आली. मला गुंडाळून खोक्यात भरताना त्या म्हणाल्या, "जा रं लेकरा. चांगल्या हातात पड."

पण पडलो बंगळुरूच्या चिकपेटेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात, नारळाच्या काथ्याच्या आणि ट्रकवाल्यांच्या दोरखंडांच्या शेजारी. किती महिने गेले कोण जाणे. गिऱ्हाईक यायचं, मला दाबून बघायचं आणि विचारायचं, "यातला पाच मीटर कापून द्याल का?" कशाला हवाय? तर स्कूटरवर गादी बांधायला. दुकानदार भला माणूस. तो म्हणायचा, "हा कापायचा नाही. हा डोंगरात जाणाऱ्यांचा आहे." मी मनात म्हणायचो, मग पाठव ना बाबा डोंगरात. माझ्यासारख्यांना वय असतं. नुसता पडून राहिलो तरी म्हातारा होणारच आहे.

आणि एके दिवशी आर्या आली.

चोविशीतली. इंजिनिअर झालेली, मोठ्या कंपनीत नोकरी, पायात चिखलाचे बूट, बोलणं आधी आणि श्वास नंतर. तिने मला नुसतं दाबून पाहिलं नाही. एक टोक धरलं आणि सबंध साठ मीटर मला तळहातातून सरकवत नेलं, डोळे मिटून, कुठे गाठ आहे का, कुठे पोकळ लागतंय का. कापड पारखणाऱ्या घरातली मुलगी आहे हे मी तेव्हाच ओळखलं. दोन गल्ल्या सोडून तिच्या वडिलांचं, पद्मनाभअप्पांचं, ब्लाउज आणि पँट शिवायचं दुकान होतं. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेलं मराठी घर. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की कुठे शिवण आहे ते दिसू नये.

घर दुकानाच्या वरच होतं. मी आनंदाने तिथे गेलो आणि दुसऱ्याच आठवड्यात माझा घोर अपमान झाला. आर्या ऑफिसला गेलेली असताना तिच्या आईने, नीलिमाबाईंनी, मला गच्चीवर या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधलं आणि माझ्यावर अर्धा डझन साड्या वाळत घातल्या. वरून ऊन! उन्हाने माझा धागा कुजतो हो! संध्याकाळी आर्याने आरडाओरडा केला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "एवढा जाडजूड आणलास, मला वाटलं या वेळी तरी घराच्या उपयोगाचं काही आणलंस."

त्यानंतर मात्र मला काम मिळालं. आर्या आणि तिचा ऑफिसातला मित्र तनय दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे कड्यावरून उतरायला जायचे. तनय पुण्याचा. उंच, हाडकुळा, पोहे मिळाले नाहीत तर दुःखी होणारा. दोघांना वेड लागलं होतं घळींचं. पाण्याने हजारो वर्षं खडक कापून केलेली खोल चीर असते ना, तिच्या वरच्या तोंडातून आत शिरायचं, जिथे कडा लागेल तिथे दोर लावून उतरायचं आणि खालच्या तोंडातून बाहेर पडायचं. याला ते कॅनियनिंग म्हणत.

त्या खेळाचा एक नियम आहे, आणि माझी सगळी कहाणी त्यावरच लटकलेली आहे. कड्याच्या माथ्यावर खडकात एक लोखंडी रिंग ठोकलेली असते. मला तिच्यातून ओवतात आणि माझी दोन्ही टोकं खाली सोडतात. माणसं दुहेरी दोरावरून उतरतात. सगळे उतरले की खालून एक टोक ओढायचं. दुसरं टोक वर जातं, रिंगेतून निसटतं आणि मी सळसळत खाली येतो, पुढच्या कड्यासाठी. पण मला एकदा ओढून घेतलं की परतीची वाट संपली. खडक गुळगुळीत, चढायला खाच नाही. पुढेच जायचं.

मला हा नियम फार आवडतो. माणसांनी आयुष्यात आणखी काही ठिकाणी तो लावला तर किती वेळ वाचेल!

आर्याच्या मनात तसंच काहीसं चाललं होतं. रामनगरजवळ मुलांना डोंगर शिकवणारी एक छोटी संस्था होती. त्यांनी तिला कायमची शिक्षिका म्हणून बोलावलं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. कंपनी सोडायची, गळ्यातलं कार्ड काढून ठेवायचं आणि दोर हाती घ्यायचा. ती तर बोलावणं आलं त्याच दिवशी राजीनामा देऊन आली असती, पण तिला अप्पांचा होकार हवा होता. आणि अप्पा तो देत नव्हते.

"स्वल्प विचार कर, पुट्टी," ते जेवताना म्हणाले. लाडात आले की ते तिला पुट्टी म्हणत.

"केला विचार."

"कधी केलास? तू लहानपणी सुईत दोरा ओवायच्या आधी शिवायला बसायचीस. दुसऱ्यांची पोरं कड्यावरून सोडायची म्हणजे काय फॉल-पिको आहे? तुझ्यात सगळं आहे, थांबणं तेवढं नाही. मला भीती त्याची वाटते."

"मग तुम्ही या ना एकदा बरोबर. डोळ्यांनी बघा. नाही पटलं तर मी सोमवारी त्यांना नाही म्हणून सांगते. नंतर कुरकुरही करणार नाही."

मी कपाटात होतो. ते ऐकून माझा गाभा ताठ झाला. सगळं एका शनिवारावर लावलं होतं पोरीने!

अप्पांनी ताकाचा घोट घेतला. "सरी," म्हणाले. "येतो."

ज्या घळीत जायचं होतं तो आंध्रातला मुलूख बंगळुरूपासून एका रात्रीच्या प्रवासाचा. उजाडताना आम्ही पोचलो तेव्हा चहूकडे नुसता लाल दगड, काटेरी झुडपं आणि निळंभोर आभाळ. माणूस नाही, मोबाइलला रेंज नाही. जीपचा ड्रायव्हर शिवाप्पा आम्हाला घळीच्या वरच्या तोंडाशी सोडून गेला. तो खालच्या तोंडाशी थांबणार होता.

अप्पा आले होते स्वतः शिवलेल्या करड्या पँटीत, इस्त्रीची घडी शाबूत. त्यावर कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या हार्नेसचे पट्टे आवळले तेव्हा त्यांनी पहिली तक्रार केली, "याची शिलाई बरी आहे, पण माप कुणी घेतलं? मांडीत किती ओढलंय!"

"काका, फॅशन नाही हो, सेफ्टी," तनय म्हणाला.

"बापरे, तू पोहे खाऊन आला नाहीस वाटतं. आवाज बसलाय."

आणि नीलिमाबाईंनी बांधून दिलेलं एक गाठोडं त्यांच्या सॅकमध्ये होतं. त्यात चपात्या, शेंगाचटणी आणि त्यांचं एक धुतलेलं धोतर. पाण्यात भिजलात तर अंगाला कोरडं कापड असू दे, म्हणून.

पहिला कडा सहा मजली इमारतीएवढा. आर्याने मला रिंगेतून ओवलं, दोन्ही टोकांना एकेक गाठ मारली आणि खाली सोडलं. अप्पांनी लगेच विचारलं, "टोकाला गाठ कशाला?"

"टोक कुठे संपतंय ते उतरताना कळलं नाही तर माणूस दोरावरून निसटतो. गाठ असली की अडकतो."

"म्हणजे आमच्यासारखंच. गाठ नसेल तर टाका निसटतो." ते खूश झाले.

तनय पहिला उतरला आणि ठरल्याप्रमाणे त्याने खाली दोन्ही टोकांच्या गाठी सोडून टाकल्या, कारण मला ओढून घ्यायचं तर टोक मोकळंच हवं. मग अप्पा. काठावर पाठ करून उभे राहिले, खाली पाहिलं आणि "आय्यो देवरे" म्हणाले. पण आर्या जे जे सांगत गेली ते ते त्यांनी केलं, हूं की चूं न करता. मी त्यांना धरून ठेवलं होतं. अर्ध्यावर आल्यावर ते थांबले आणि समोरच्या खडकावरून बोट फिरवून म्हणाले, "काय पोत आहे रे! रेशीम!" खरंच होतं. पाण्याने तो लाल खडक असा घासला होता की उन्हाच्या लाटा गोठल्यासारखा दिसावा.

खाली पोचून ते एका धोंड्यावर बसले. आर्या वर शेवटची तयारी करत होती. तनय सॅक आवरत होता. आणि अप्पांच्या पायाशी माझं एक टोक पडलं होतं. मोकळं.

आता ऐका. तीस-पस्तीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाच्या बोटांना मोकळं टोक बघवत नाही. डोकं दुसरीकडे असतं, बोटं आपलं काम करतात. अप्पा वर लेकीकडे बघत होते, तोंडाने "सावकाश, सावकाश" म्हणत होते, आणि बोटांनी माझं टोक उचललं, मनगटाभोवती तीन वेढे दिले, आतून सरकवलं आणि कचकन ओढलं. टपोरी, देखणी गाठ! मग अंगठ्याने ती दाबून पाहिली आणि ठेवून दिली.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण दोराला तोंड कुठे असतं?

आर्या उतरली. पाय टेकताच म्हणाली, "टोकं मोकळी?"

"कधीच!" तनय पाठमोरा म्हणाला. त्याने सोडली होती तेव्हा ती मोकळीच होती, तो खोटं बोलला नाही.

आर्याने बघितलं नाही. ऊन चढत होतं, पुढची घळ हाका मारत होती. तिने दुसरं टोक धरलं आणि दणादण ओढायला लागली. गाठ धोंड्यामागून उठली, हवेत गेली, डोक्यांच्या वर गेली. तेव्हा अप्पांनी ती पाहिली. "पुट्टी, थांब!" म्हणेपर्यंत ती रिंगेशी पोचली होती.

खट्‌.

आर्याने ओढलं. तनय लटकला. मी जागचा हललो नाही. कसा हलणार? माझं टोक वर रिंगेत बूच बसावं तसं बसलं होतं.

वरून एक घार ओरडत गेली.

अप्पा स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, "ती गाठ मी मारली."

"काका!" तनयने कपाळावर हात मारला. "का पण?"

"मला कळलंच नाही रे. हाताने मारली."

मी आर्याकडे बघत होतो. घरातली आर्या मला ठाऊक होती. साड्यांवरून आभाळ डोक्यावर घेतलेली. आता ती स्फोट करणार. पण ती खाली बसली. ती कुठे बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. बराच वेळ वर बघत राहिली, मग म्हणाली, "अप्पा, तुमची चूक नाही. शेवटी उतरणाऱ्याने दोन्ही टोकं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असतात. मी नुसतं विचारलं. घाई केली."

अप्पांनी एकदा फक्त तिच्याकडे बघितलं.

"मी चढतो या दोरावरून," तनय म्हणाला. "गाठ अडकलीय म्हणजे धरेल की."

"धरेलच," अप्पा म्हणाले. "माझी गाठ सुटल्याची तक्रार अजून एकाही गिऱ्हाइकाने केलेली नाही."

"कुणीही चढायचं नाही," आर्या म्हणाली. "सुती दोऱ्याची गाठ वेगळी आणि याची वेगळी, हा गुळगुळीत असतो. वर ती कशी बसलीय ते आपल्याला दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर जीव टांगायचा नाही."

"मग इथेच थांबायचं? कुणीतरी येईपर्यंत?"

"पाणी संध्याकाळपुरतं आहे. शिवाप्पाला आपण अडकलोय हे उद्या कळेल." तिने पायाशी पडलेल्या माझ्या ढिगाकडे पाहिलं. "अडकलंय ते वर. उरलेला सगळा खाली आपल्याच हातात आहे."

मला कळलं ती काय म्हणतेय. तिलाही माझ्याकडे बघवत नव्हतं.

"कापायचा?" तनयने हळूच विचारलं.

"जेवढ्या उंचावर कापता येईल तेवढा."

ती तनयच्या खांद्यांवर उभी राहिली. तनय खालून कण्हला, "काका, तुमची मुलगी दिसते त्यापेक्षा जड आहे." तिने चाकू काढला, माझ्या अंगावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "सॉरी हं." चिकपेटेत गादीवाल्यांपासून ज्याचा जीव वाचला होता, तो मी असा कापला गेलो. दुखलं का? खरं सांगू, नाही. गादीसाठी कापणं आणि माणसांसाठी कापणं यात फरक आहे. सोळा मीटर वर लटकत राहिलं, चव्वेचाळीस खाली आलं. इथून पुढे बोलतोय तो हा थोरला तुकडा.

आर्याने कापलेल्या टोकाला लायटरची आंच दिली, धागे वितळून घट्ट झाले. अप्पा वाकून बघत होते.

"काठ उसवू नये म्हणून?"

"हो."

"अच्छा," ते म्हणाले. नवीन शिलाई बघावी तसं त्यांनी ते टोक फिरवून फिरवून पाहिलं.

मधली वाट मजेची होती. सावलीत साठलेल्या थंडगार पाण्यातून कंबरभर चालायचं, घसरगुंडीसारख्या खडकावरून सुळकन खाली जायचं. पहिल्या घसरणीवर अप्पा भीतभीत बसले. दुसऱ्यावर "बाजूला व्हा!" असं ओरडत आले. इस्त्रीच्या घडीचं काय झालं ते विचारू नका, पँटीची मागची बाजू त्यांनी हाताने चाचपून पाहिली आणि म्हणाले, "हे मी दुसऱ्या कुणाला शिवून दिलं असतं तर आज तो भांडायला आला असता." तिघांनी मिळून चपात्या आणि शेंगाचटणी संपवली. तनय पोहे विसरला.

आणि मग शेवटचा कडा आला. पहिल्यापेक्षा उंच. सव्वीस मीटर.

आर्या काठाशी गुडघे टेकून बसली. दुहेरी सोडायचा तर बावन्न मीटर हवा, मी चव्वेचाळीसच. खाली घळीचं तोंड दिसत होतं, त्यापलीकडे शिवाप्पाची पांढरी जीप, काडेपेटीएवढी. हाक मारली तर ऐकू जाणार नाही एवढी लांब.

पूर्वीची आर्या असती तर लगेच काहीतरी सुरू केलं असतं. ही बसून राहिली. तनय काही बोलायला गेला, अप्पांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"एकेरी उतरायचं," शेवटी ती म्हणाली. "दोर रिंगेतून ओवायचा. एका बाजूला जमिनीपर्यंत, म्हणजे सव्वीस मीटर, खाली सोडायचा. दुसऱ्या बाजूला रिंगेला चिकटून मोठी गाठ मारायची, त्यात कॅराबिनर, ही धातूची कडी, अडकवायचा, म्हणजे ती रिंगेतून जाणारच नाही. गाठ अडकली की दोर पक्का."

तनय हसायला लागला. "म्हणजे काकांनी केलं तेच?"

"तेच. पण मुद्दाम, आणि डोळ्यांसमोर. अठरा मीटर गाठीच्या बाजूला उरतो. खाली पोचल्यावर ती बाजू ओढली की गाठ रिंगेपासून सुटी होते आणि सगळा दोर खाली येतो. फक्त..." तिने ओठ चावला. "ती बाजू जमिनीपर्यंत पोचायला आठ मीटर कमी पडतात. तिच्यावर वजन येणार नाही, ती फक्त ओढण्यापुरती लागणार आहे. साधं कापडसुद्धा चालेल. पण आठ मीटर..."

अप्पांनी सॅक उघडली आणि धोतर बाहेर काढलं. पांढरंशुभ्र, निळ्या काठाचं.

"साडेचार मीटर आहे," ते म्हणाले. "उभं फाडलं तर दोन पट्ट्या."

"अप्पा, ते तुमचं लग्नाकार्याचं आहे ना?"

"तू याला कापलंस तेव्हा मी विचारलं का?"

त्यांनी कडेला दाताने बारीकशी चीर दिली, दोन्ही हातांत कापड ताणलं आणि ओढलं. चर्र्र असा आवाज घळीभर घुमला. एका रेषेत, सुताचाही फरक नाही. दोन्ही पट्ट्यांना पीळ दिला, एकमेकींना बांधल्या, आणि आर्याने त्या माझ्या टोकाला जोडल्या. असा मी लाल, तो पांढरा. माझ्या आयुष्यातला पहिला सुती सोबती.

यात एकच धोका होता आणि तो साधा नव्हता. चुकून गाठीच्या बाजूवरून कुणी उतरला, तर गाठ सुटी होऊन माणूस थेट खाली. आर्याने प्रत्येकाला जोडल्यावर आधी बोटाने, मग डोळ्यांनी, मग त्याच्याच तोंडून वदवून घेतलं.

"अप्पा, तुम्ही कुठल्या बाजूवर आहात?"

"लाल."

"दोन्ही वर लालच आहे. नीट सांगा."

"जिथे गाठ नाही ती. लांब. खाली टेकलेली."

"ओढून दाखवा."

त्यांनी ओढून दाखवलं. मग तिने पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून तपासलं. तनय वाट बघून कंटाळला आणि मीही. मग मला माझीच लाज वाटली. उतावळेपणाचा मला एवढा अभिमान. आणि त्या क्षणी, त्या काठावर, मला पहिल्यांदा वाटलं, थांब पोरी, हवा तेवढा वेळ घे.

तनय उतरला. अप्पा उतरले. शेवटी ती. खाली आली तेव्हा अप्पा दोन्ही हात काखेत घट्ट दाबून उभे होते.

"काय झालं? लागलं का?"

"नाही. बोटांचा भरवसा नाही. कोंडून ठेवलीयत."

ती हसली, पण टोक तिने उचललंच. तळहातावर घेतलं, दोघांना दाखवलं. मोकळं. मग धोतराची पट्टी अप्पांच्या हातात दिली. "ओढा."

अप्पांनी ओढलं. वर कॅराबिनर वाजला. मी हललो, सरकलो, माझं टोक कड्यावरून वर निघालं, रिंगेतून सुटलं, आणि मी आभाळातून लाल वेटोळी घेत धबाधब तिघांच्या अंगावर कोसळलो. तनय नाचायला लागला. अप्पा माझ्याखाली अर्धे झाकले गेले होते आणि तिथूनच ओरडत होते, "आला! आला!" दिवाळीत पहिला बाण उडाल्यासारखे.

शिवाप्पा धावत आला. त्याने तिघांकडे, मग पिळलेल्या धोतराकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये विचारलं, आत लग्न होतं का?

आर्याने मात्र रामनगरचा विषय काढला नाही. मुक्कामाला जाताना नाही, जेवताना नाही. होकार मागायला तिला तोंड उरलं नव्हतं. पहिल्याच कड्यावर चूक तिने केली होती, आणि ती वडिलांसमोर केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा राहिलेला तुकडा आणायला आम्ही घळीच्या वरच्या तोंडाशी चालत गेलो. असा कचरा मागे ठेवणं तिच्या तत्त्वात बसत नाही. कड्याच्या माथ्यावर स्वतःला बांधून घेऊन ती रिंगेपर्यंत गेली, धाकट्याला वर घेतलं. गाठ अशी आवळली होती की तिच्याने सुटेना. अप्पांनी दातांनी सोडवली.

मग ते म्हणाले, "इकडे ये. सरळ उभी राहा."

"का?"

"राहा तर."

त्यांनी माझ्या धाकट्या तुकड्याचं एक टोक तिच्या कमरेशी धरलं, दुसरं घोट्याशी नेलं आणि बोटाने चिमटा घेऊन खूण केली. मग गुडघ्याभोवती. मग मांडी. तिला कळेना. तनयला कळलं आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

"गुडघ्याला दुहेरी कापड लावतो," अप्पा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मागेही लावायला पाहिजे, कालचा अनुभव आहे. आणि त्या हार्नेसखाली येणारी शिवण आतल्या बाजूला वळवून घेतो, नाहीतर दिवसभर टोचत राहील. रोज घालायची म्हणजे दोन तरी हव्यात. आज रात्री कापून ठेवतो. उद्या त्या रामनगरवाल्यांकडे जाताना एक तयार असेल."

आर्या हलली नाही. माप घेताना हलायचं नसतं, हे त्या घरातल्या लेकराला पाळण्यापासून ठाऊक. पण डोळ्यांतून पाणी आलं ते तिला थांबवता आलं नाही.

"पण अप्पा, मी चुकले."

"चुकलीस. त्यानंतर थांबलीस. मी तेवढंच बघायला आलो होतो. हात वर कर, कंबर राहिली."

या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. मी रामनगरच्या खडकांवर असतो. धाकटा तुकडा वर्गात असतो, त्याच्यावर पोरं गाठी मारायला शिकतात. माझ्यावर आतापर्यंत किती जण उतरले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. कॉलेजची पोरं येतात, ऑफिसातले लोक येतात. एक गोष्ट सगळ्यांची सारखी. काठावर पाठ करून उभं राहिलं की मोठ्या आवाजात बोलणारा एकदम हळू बोलतो, आणि कधीच न बोलणारी मुलगी आईला हाक मारते. पहिली दोन पावलं भीतीची. तिसऱ्यापासून ती माझी.

माझं वेष्टण मधे थोडं खरबरीत झालंय. आर्या दर आठवड्याला मला तळहातातून सरकवते तेव्हा त्या जागी तिचा हात जरा रेंगाळतो. मला कळतं. म्हणून एकच मागणं आहे, तिच्याकडे आणि जो कुणी दोर वापरतो त्याच्याकडे. माझी वेळ झाली की मला मोडीत काढा. याने आपल्याला वाचवलं, याच्याशी नातं आहे, असं म्हणत आणखी एक उन्हाळा ओढू नका. माझ्यावर प्रेम करायचं असेल तर माझ्यावर विश्वास ठेवणं योग्य वेळी थांबवा. ज्या दिवशी आर्याच्या हाताला शंका येईल, त्या दिवशी चाकू काढा. मी रागावणार नाही.

पण तो दिवस आज नाही. आज वर ऊन कोवळं आहे, वारा नाही, आणि काठावर निळा टी-शर्ट घातलेला एक माणूस डोळे घट्ट मिटून उभा आहे. आर्या त्याला म्हणतेय, डोळे उघडा, घाई नाही.

चला, निघतो. त्याने पाय मागे टाकलाय.